दुसरा ब्रेक

इंजेक्शन टोचून झाल्यावर दंतवैद्य म्हणाला, "जरा बाहेर बसा, गाल सुन्न झाला की बोलावतो," म्हणून ती बाहेर येऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. आधी ओठाचं टोक गेलं, मग जिभेची एक कड, मग गाल कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा जड होऊन लटकला. बोटानं दाबून पाहिलं तर बोटाला गाल लागत होता, गालाला बोट लागत नव्हतं. हे एकतर्फी प्रकरण तिला गमतीचं वाटलं आणि ती तशीच गाल दाबत बसली असताना समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीतून तिचा आवाज आला. "मला मारू नका," तिचा आवाज म्हणाला. "मी काय केलंय? मला घरी जाऊ द्या." तिनं हात ओठांवर नेला. ओठ मिटलेले होते. हनुवटीवर मात्र लाळेचा एक ओघळ आला होता आणि तो कधी आला हे तिला कळलं नव्हतं.

"रिमोट कुठाय हो?" मांडीवर मुलगी घेऊन बसलेल्या बाईनं काउंटरवरच्या पोरीला विचारलं. "लहान मुलं बसतात इथं." रिमोट डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये असतो, पोरगी म्हणाली, लोक पळवतात. "पळवून कुठं नेणार? टीव्ही तर इथंच आहे," असं एक गृहस्थ म्हणाले, आणि मग स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की ही नुसती जाहिरात आहे, अख्खा कार्यक्रम आज आठला आहे, वर्ष झालं ना त्या प्रकरणाला. हे सांगता सांगता त्यांची नजर तिच्यावर आली. तिच्या रंगावर, तिच्या केसांवर, नाकावर, म्हणजे ज्या खुणांवरून ती पडद्यावरच्या बाईच्या बाजूची ठरत होती त्या सगळ्यांवर क्रमानं. आणि मग त्यांनी पाय आखडून घेतले, तिला जाण्यायेण्याला वाट हवी असेल तर असावी म्हणून. वर्षभरात ही नजर तिला पाठ झाली होती. आधी लोक तिच्याकडे पाहत नसत किंवा पाहिलं तर वाकडं पाहत. आता बसमध्ये उठून जागा देत. मार खाणाऱ्यांपैकी एक म्हणून मिळालेल्या त्या जागेवर बसताना तिला दर वेळी वाटे, याच्यापेक्षा तो वाकडा डोळा बरा होता, त्याला निदान उलट डोळा वटारता यायचा.

पर्समध्ये फोनवर ऑफिसातल्या मॅडमचा निरोप सकाळपासून पडून होता. "चारला ये गं. आजच्या कार्यक्रमाच्या नवीन कटसाठी आवाज परत घ्यावा लागेल, अर्ध्या तासाचं काम. तुझ्याशिवाय होणार नाही." तिनं उत्तर दिलं नव्हतं. होणार नाही असं काही नसतं हे तिला नोकरीच्या इतक्या वर्षांत समजलं होतं, पण नाही म्हणायला जो एक शब्द लागतो तो उच्चारायचा म्हटलं की जबडा आवळून यायचा. दातही त्यातूनच गेला होता. "रात्री दात खाता तुम्ही," दंतवैद्य आरसा आत फिरवत म्हणाला होता. "दाढेला उभी चीर आहे. जुनी सवय आहे की काही टेन्शन?" तोंडात त्याची दोन बोटं असल्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

ती वृत्तवाहिनीत आवाज द्यायची. बातमी वाचणारे चेहरे वेगळे. ते टापटीप, पावडर लावलेले, बहुतेक इथल्या लोकांच्या रंगाचे. तिच्यासारखे आवाज काचेच्या खोलीत बसत आणि परभाषेत बोलणाऱ्या माणसांना इथल्या लोकांच्या भाषेत बोलायला लावत. पूरग्रस्त म्हातारी, परदेशी मंत्रीण, सुवर्णपदक मिळवलेली धावपटू, सगळ्या तिच्या घशातून बोलत. पद्धत अशी, की सुरुवातीला क्षण-दोन क्षण मूळ माणसाचा आवाज ऐकू द्यायचा, खात्री पटावी म्हणून, मग तो खाली दाबत न्यायचा आणि वर आपला चढवायचा. गेल्या वर्षी बस-थांब्यावर तिघा तरुणांनी एका बाईला मारलं, ती रुग्णालयाच्या लाँड्रीतून कामाची पाळी संपवून निघालेली बाई होती, आणि कुणीतरी समोरच्या दुकानातून ते सगळं फोनवर टिपलं, तेव्हा मॅडमनं तिलाच बोलावलं होतं. कारण लाँड्रीवाली ज्या भाषेत ओरडत होती ती तिच्या घरची भाषा होती. आजोबा पोट भरायला या शहरात आले तेव्हा सोबत जे थोडंथोडकं आणलं त्यातली तेवढीच एक गोष्ट टिकली होती. ती क्लिप तिनं हेडफोन लावून ऐकली. लाँड्रीवाली रडत नव्हती. ती शिव्या देत होती. "हात झडून जातील मेल्यांनो! आईनं जन्म दिला का उकिरड्यानं?" लाथ बसली की श्वास तुटायचा, आणि श्वास परत आला की शिवी जिथं तुटली तिथूनच पुढं चालू व्हायची, विणकाम खाली ठेवून पुन्हा उचलावं तशी. तिनं ते सगळं सांगितलं. मॅडमनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कागदावर लिहून दिलं: मला मारू नका, मी काय केलंय, मला घरी जाऊ द्या. "शिव्या प्रक्षेपित करता येत नाहीत गं," मॅडम म्हणाली. "आणि भाव तोच आहे ना?"

बाबा त्या दिवशी घरीच होते. शहरात त्यांना सगळे ब्रेक मास्तर म्हणत. मोटार शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं भान सुटलं तर मास्तरनं तो दाबायचा. बाबांनी हयातभर तो दाबला. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं, त्या रंगाचं आणि या रंगाचं, आणि सगळ्यांना त्यांनी घरच्या भाषेत सारख्याच शिव्या घातल्या होत्या. "गाढवाच्या लेका, पाय कुठाय तुझा? ब्रेक काय शोभेला दिलाय?" शिकणाऱ्याला शब्द कळत नसत, सूर कळे. पास झाल्यावर मिठाईचा डबा घेऊन आलेला एक बँकेतला साहेब दारात उभा राहून म्हणाला होता, "मास्तर, तुम्ही मला जे म्हणायचात त्याचा अर्थ काय हो?" आणि बाबा गंभीरपणे म्हणाले होते, "आयुष्मान भव." आत स्वयंपाकघरात आत्या आणि ती एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या होत्या. आत्या म्हणजे बाबांची विधवा बहीण. आई गेल्यावर घर तिनं उचललं आणि दादाला, म्हणजे बाबांना, बोलायचा हक्कही तिनंच घेतला.

क्लिप पहिल्यांदा दाखवली त्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते. "ती बाई शिव्या देतेय," तिनं पायताण काढायच्या आधीच त्यांनी सुरू केलं. "सुरुवातीला ऐकू येतं. हात झडून जा... एवढं ऐकू येतं आणि मग तू रडायला लागतेस. एका तोंडातून दोन बायका कशा?" ती म्हणाली, "बाबा, मला लिहून देतात ते मी वाचते." "लिहिणाऱ्याला कान नाहीत?" "आहेत. शिव्या चालत नाहीत टीव्हीवर." "आणि लाथा चालतात?" तिनं चिडून विचारलं, "मग बघताय कशाला?" बाबा म्हणाले, "तुझा आवाज येतो म्हणून." आत्या आतून ओरडली, "अरे दादा, पोरगी दमून आलीय, तिला आधी चहा तरी घेऊ दे!" आणि विषय तिथं संपला. म्हणजे तिला वाटलं संपला.

संपतं कसं? सकाळी तीच क्लिप, दुपारी तीच, संध्याकाळी गोल टेबलाभोवती बसून चार माणसं तिच्यावर बोलत आणि मागे ती चालूच. 'काही दृश्यं आपल्याला विचलित करू शकतात' अशी पाटी आधी यायची. पाटी आली की बाबा सरसावून बसत, परीक्षेला बसल्यासारखे. आणि क्लिप सुरू झाली की त्यांचा उजवा पाय पुढं सरके आणि टाचेवर तोलून जमिनीवर दाबला जाई. पहिल्यांदा तिला ते दिसलं तेव्हा ती हसली होती. खुर्चीसमोर प्लास्टिकचं जाजम होतं, फिकट हिरवं, आणि त्यावर काही आठवड्यांत बाबांच्या पायाची जागा काळी पडली, मग खोल गेली. पहिली लाथ पडायच्या आधी पाय जायचा. आधी, कारण आता त्यांना ती कधी पडणार हे माहीत होतं, आणि माहीत असूनही दर वेळी त्यांना वाटायचं की या वेळी वेळेवर दाबलाय. "दादा, ते होऊन गेलंय," आत्या म्हणायची, "ते काय आत्ता चाललंय का?" बाबा तिच्याकडे बघायचे. "मग आत्ता का दाखवतात?"

त्यांची झोप गेली. खिडकीचा पडदा बोटभर बाजूला करून ते रस्ता बघत. ती कामावरून निघाली की फोन, बसमध्ये चढली की फोन, आणि उतरली की थांब्यावर स्वतः उभे, हातात छत्री, ऊन असो नसो. थांब्यावर तीन पोरं दिसली की ते छत्रीचं टोक पुढं करत. तिला लाज वाटायची; पोरंही बिचारी बाजूला व्हायची, त्यांच्या नजरेतही तीच नवी सौजन्याची नजर. आणि मग तो गाडीतला प्रकार घडला. शिकणारी मुलगी नवीन होती, पण बरी चालवत होती. एका थांब्यावर तीन कॉलेजची पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होती, आणि बाबांनी भर रस्त्यात, वाहत्या रहदारीत, आपला ब्रेक तळापर्यंत दाबला. मागची गाडी येऊन आदळली. लागलं कुणाला नाही. मुलगी रडत म्हणाली, "मास्तर, का थांबवलंत? समोर काही नव्हतं." आणि बाबा म्हणाले, "मारतायत ना!" मोटार शिकवणाऱ्या संस्थेच्या मालकानं त्यांना फार मानानं घरी पाठवलं. शाल द्यायचं तेवढं राहिलं, असं आत्या म्हणाली.

"या आता," दंतवैद्यानं दारातून हाक मारली. ती उठली, खुर्चीत आडवी झाली, डोळ्यांवर दिवा आला. चीर कोरताना दाताचा करपट वास आला आणि दुखलं काहीच नाही. हेच बरं, तिला वाटलं, सगळं ऐकू यावं, वासही यावा आणि लागू नये. लोक टीव्ही बघतात ते असंच बघत असतील. पण मग तिनं पाहिलं की आपला उजवा पाय त्या लांबट खुर्चीच्या टोकाशी ताठ दाबलेला आहे. "रिलॅक्स," दंतवैद्य म्हणाला. "पाय सैल सोडा." तिनं सोडला. तो पुन्हा गेला.

वाहिनीनंही काळजी घेतली होती, तसं म्हणायला हवं. ज्यांना अशी दृश्यं वारंवार बघावी लागतात अशा कर्मचाऱ्यांसाठी एक समुपदेशक आणला होता, तरुण, पांढऱ्याशुभ्र बुटांतला. त्यानं सगळ्यांना गोल बसवून एकेक रबरी चेंडू दिला. मनात दृश्य आलं की चेंडू दाबायचा, दीर्घ श्वास घ्यायचा, आणि स्वतःला सांगायचं: हे माझ्याबरोबर घडत नाहीये. तिच्या शेजारी बसलेला साउंडवाला, ज्याला सगळे कानसेन म्हणत, तो तिच्या कानात कुजबुजला, "ताई, मला तर खरंच घडत नाहीये, मी दाबू का नको?" तो इथल्या लोकांच्या रंगाचा होता, पण माणूस सरळ होता, आणि त्या दिवशी ती हसली. चेंडू तिनं घरी आणला. बाबांच्या हातात दिला, समुपदेशकाचं वाक्यही सांगितलं. बाबांनी चेंडू उलटसुलट करून पाहिला. "माझ्याबरोबर घडत नाहीये," ते सावकाश म्हणाले, "मग तुझा आवाज तिथं काय करतोय?" चेंडू पुढं आत्यानं कापून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. तेवढा एकच उपयोग झाला त्याचा, पण झाला.

शेवटी शेवटी बाबा हात जोडायला लागले. ज्यानं बँकेच्या साहेबाला गाढवाचा लेक केला तो माणूस गॅस घेऊन आलेल्या माणसापुढं हात जोडून उभा राहायचा. मी काय केलंय, म्हणायचा. बाहेरच्या भाषेत, तिच्याच वाक्यांत, तिच्याच चढउतारांत, कारण ते वाक्य त्यांनी तिच्याकडूनच पाठ केलं होतं. शिव्या त्यांच्या तोंडून गेल्या. आत्या मुद्दाम डिवचायची, "दादा, तो शेजारचा बघ, परत आपल्या दारात गाडी लावून गेला, घाल की एखादी!" बाबा कसनुसं हसायचे. मग पाय घसरून पडले, खुबा मोडला, आणि रुग्णालयातल्या त्या उंच खाटेवर त्यांची सगळी दुनिया ऐकण्यापुरती उरली. ती कामावरून सरळ तिकडं जायची. पहिल्या दिवशी तिनं वाकून हाक मारली, "बाबा," आणि त्यांच्या अंगाला झटका बसला. डोळे मिटलेलेच, पण उजवा पाय, प्लास्टरमधला, चादरीखाली खाली गेला, आणि वेदनेनं ते किंचाळले. तिनं घाईघाईनं समजावलं, मी आहे, बाबा, आपण घरी जाऊ, घरी. घरी हा शब्द ऐकून ते थरथरायला लागले. सिस्टर धावत आली, यंत्राकडे बघितलं आणि तिला बाजूला घेऊन म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही बोललात की यांचं बीपी चढतं. आत्या बोलली तर चाले. वॉर्डबॉय बोलला तर चाले. मुलीचा आवाज तेवढा नको होता. मग ती नुसती बसायची. ज्या आवाजावर घर चालत होतं तो तोंडात मिटून, त्यांचा हात हातात घेऊन, इतकी गप्प की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं आत्याला विचारलं, "मुकी आहे का हो पोरगी?" आणि अशाच एका दुपारी, ती काही न बोलता बसलेली असताना, ते गेले. जाताना कुणाला हाक मारली नाही. तिनंही मारली नाही. मारली असती तर तेवढा आणखी एक लाथेचा आवाज त्यांच्या सोबत गेला असता, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तेव्हापासून रात्री ती दात खात होती. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं. आत्या दाखला घडी करत म्हणाली, "यांना काय लिहायचंय ते लिहू दे. माझ्या भावाला टीव्हीनं नेला."

चारला ती वाहिनीच्या इमारतीत होती. नाही म्हणायला ती आली होती, असं म्हणता येईल. फोनवर नको, समोर सांगू, असं. पण मॅडमनं आल्या आल्या पाठीवर हात फिरवला, बाबांचं वाईट झालं गं, म्हणाली, भेटायला यायचं राहूनच गेलं, आणि त्या हातानंच तिला हळूहळू काचेच्या खोलीपर्यंत नेलं. लाँड्रीवालीनं मुलाखत द्यायला साफ नकार दिला होता. गाव सोडून गेली म्हणे, फोन उचलत नाही. "म्हणून आता सगळी भिस्त क्लिपवर," मॅडम म्हणाली, "आणि तुझ्यावर." काचेपलीकडे कानसेननं अंगठा दाखवला. कागद तोच होता, एक वाक्य कमी करून. तिनं हेडफोन चढवले, आणि नुसती आवाजाची पातळी बघायला म्हणून पहिली ओळ वाचली. अर्धं तोंड अजून लाकडाचं होतं. 'म' ओठांतून निसटला, 'र' जिभेवर घरंगळला. "थांब, थांब," मॅडमचा आवाज कानात आला. "काय झालंय तुझ्या आवाजाला?" दाढेचं काम केलंय, ती म्हणाली, सुन्न आहे, आज नाही जमणार. वाट मिळाली होती. एका दाढेनं तिची सुटका केली होती, आणि तिला दंतवैद्याच्या पाया पडावंसं वाटलं. काचेपलीकडे मॅडम कानसेनशी काहीतरी बोलली. मग बटण दाबल्याचा आवाज. "अगं, उलट झकास आहे! अगदी ओठ फुटल्यासारखा येतोय. गेल्या वर्षी हेच कमी पडलं होतं आपल्याला. असाच ठेव."

खोलीत स्पंज लावलेल्या भिंती होत्या. स्वतःचा श्वाससुद्धा तिथं भिंतीत जाऊन परत येत नसे. तिला बाबांचा हात आठवला, त्यावरची सुईची निळी जागा, आणि त्या हातानं तिचा हात अजिबात धरला नव्हता हे आठवलं. ती म्हणाली, "कानसेन, मूळ आवाज पूर्ण दे मला. दाबू नकोस." त्यानं मॅडमकडे पाहिलं, मॅडम कागदात होती, त्यानं दिला. लाँड्रीवाली आली. हात झडून जातील मेल्यांनो. वर्षभर टीव्हीवर तिनं पहिले दोनच शब्द ऐकले होते आणि पुढची बाई आपल्याच आवाजाखाली गाडली होती. आता ती अख्खी आली, तुटत, परत चालू होत, आणि ही तिच्या मागोमाग, बाहेरच्या भाषेत, लाकडी जिभेनं, थुंकी उडवत बोलत गेली. हात झडतील. किडे पडतील. आईनं जन्म दिला का उकिरड्यानं. लाँड्रीवालीचा श्वास तुटला त्या जागी तिचा तुटला नाही, ती पुढंच गेली, "गाढवाच्या लेकांनो, पाय कुठाय तुमचा? ब्रेक काय शोभेला दिलाय? दाबा! दाबा!" हे शेवटचं घरच्या भाषेत आलं. ती थांबली तेव्हा हनुवटी ओली होती, आणि ती लाळ होती की काय ते गालाला कळत नव्हतं.

काचेपलीकडे मॅडमनं कागद खाली ठेवला. मग मॅडम म्हणाली, "हे काय होतं?"

"ती म्हणते ते."

"ब्रेकपण?" कानसेननं विचारलं.

"ब्रेक नाही. ते आमच्या घरचं."

मॅडम आत आली, खुर्ची ओढून समोर बसली. ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "हे बघ, मला कळतंय," ती म्हणाली. "पण शिव्या देणाऱ्या बाईचं कुणाला वाईट वाटत नाही. तुमच्याच लोकांसाठी सांगतेय मी. लोकांनी हळहळायला हवं की नको?" मग तिच्या गुडघ्यावर थोपटून उठली आणि दारातूनच म्हणाली, "गेल्या वर्षीचा ट्रॅक काढ रे. तो बसवू कापून." कानसेननं मान खाली घालून तो काढला. तो एका फाइलमध्ये होता, तिच्या नावानं ठेवलेला, कधीही लागेल म्हणून. ती लिफ्टपाशी उभी असताना तो धावत आला. "ताई, आजचा पुसायला सांगितलाय." ती म्हणाली, "पूस मग." तो म्हणाला, "पुसतो. पण ऐकला मी." आणि लिफ्टचं दार लागलं.

घरी आत्यानं टीव्हीवर जुनी चादर टाकलेली होती, बाबा गेल्यापासूनची. "दिलास आवाज?" तिनं विचारलं. "दिला. त्यांनी घेतला नाही." आत्यानं चहा बशीत ओतून गार करून दिला, तरी तो ओठाच्या कडेनं गळला. मग तिनं सगळं सांगितलं, मेल्यांनोपासून ब्रेकपर्यंत, आणि सांगताना तोंडाला मुंग्या येऊन एकेक शब्द परत तिचा व्हायला लागला. आत्या आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून हसली, ठसका लागेपर्यंत. "अगं बाई, दादाच! ओठ वाकडा करून तोही असाच बोलायचा. म्हण परत, म्हण." तिनं परत म्हटलं. आत्या डोळे पुसत म्हणाली, "दादानं हे ऐकायला हवं होतं."

आठ वाजले ते भिंतीमुळे कळलं. शेजारी टीव्ही मोठा लावायचे. आधी बाजा, मग कुणाचं तरी गंभीर बोलणं, मग क्षणभर एक परका, रागीट आवाज, हात झडून जा... आणि त्याच्यावर तिचा. स्पष्ट, शुद्ध, तेव्हाचा, बाबा होते त्या दिवसांतला आवाज. मला मारू नका. आत्या ताडकन उठली. "थांब, भिंतीवर लाटणंच हाणते मेल्यांच्या." "राहू दे, आत्या," ती म्हणाली. "त्यांनी काय केलंय." वाक्य तोंडातून गेल्यावर ते कुणाचं आहे हे तिच्या लक्षात आलं. दाढ ठणकायला लागली होती. गाल जागा झाला होता. ती उठून बाबांच्या खुर्चीत बसली, काठावर, आणि तिचा पाय आपोआप पुढं सरकला आणि जाजमातल्या त्या काळ्या खड्ड्यात जाऊन बसला. भिंतीपलीकडे तिचा आवाज घरी जाऊ द्या म्हणत होता. तिनं दाबलं. पाय खाली गेला नाही. तिथं जे काही दाबायचं होतं ते बाबांनी आधीच तळापर्यंत दाबून ठेवलेलं होतं.